कॉरिनची डावी बाजू

कॉरिन वेडची डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली होती. समोरासमोर बसून बोलताना ते कुणाच्या लक्षात येत नसे. कॅमेऱ्याला मात्र लगेच दिसे, आणि कॅमेऱ्याला दिसलं म्हणजे बोस्टनपासून सॅन दिएगोपर्यंत घराघरांत दिसणार. म्हणून मर्ल डॉकरी तिला नेहमी उजवीकडून घेत असे. तसं कर म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कॉरिनने तर नाहीच. तिच्या गाण्याचा कार्यक्रम काळ्या-पांढऱ्यात सुरू झाला तेव्हा, पहिल्याच आठवड्यात, त्याला ती पापणी दिसली आणि त्याने कॅमेरा हलकेच दोन हात पलीकडे ढकलला. त्यानंतर अकरा वर्षं तो तिथून हलला नाही.

या कामाचा त्याला अभिमान होता, आणि त्याबद्दल बोलता येत नव्हतं. बाईच्या चेहऱ्यातलं उणं आपण झाकतो हे कुणाला आणि कसं सांगणार? त्याची बायको ओपल हिलाही त्याने ते लग्नानंतर फार उशिरा सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं तिचा चेहराच तसा आहे, एका बाजूचा."

मर्ल मूळचा ओक्लाहोमाचा. आईबापांबरोबर लहानपणी बेकर्सफील्डला आला, कापूस वेचला, युद्धात सैन्याच्या संदेश विभागात तारा ओढल्या. परत आल्यावर हॉलिवूडच्या एका छोट्या टीव्ही केंद्रात कॅमेऱ्यामागे उभा राहिला तो कायमचाच. बरबँकला रंगीत स्टुडिओ झाला तेव्हा कॉरिनच्या कार्यक्रमाबरोबर तोही तिकडे गेला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्या काळचा रंगीत कॅमेरा म्हणजे एखाद्या फ्रिजला चाकं लावावीत तसा प्रकार होता. तीन जणांनी मिळून तो चाकांच्या खांबावर चढवायचा. आत तीन नळ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. त्या तिन्हींची चित्रं बरोबर एकमेकांवर बसवण्यात तंत्रज्ञांची सकाळ जायची. समोर भिंगांची फिरती तबकडी असे, तिच्यावर चार भिंगं. जवळचं चित्र हवं असेल तर तबकडी फिरवून लांबचं भिंग लावायचं, आणि हे कॅमेऱ्यावरचा लाल दिवा, म्हणजे आपलं चित्र लोकांना दिसत असल्याची खूण, विझलेला असतानाच करायचं. दिवा पेटलेला असताना तबकडी फिरली तर घरी बसलेल्या लोकांना पडद्यावर सगळं जग गरगरताना दिसायचं. पुढे सरकायचं असेल तर ते धूड पायाने रेटत, हाताने भिंग जुळवत, चेहरा धूसर होऊ न देता जायचं. मर्ल हे असं करी की चाकांचा आवाज ध्वनिवाल्याच्याही कानात येत नसे.

कार्यक्रमाला चार कॅमेरे होते. एक नंबर क्रेनवर, सगळा रंगमंच दाखवायला. तीन आणि चार इकडचं तिकडचं टिपायला. दोन नंबर चेहऱ्याचा. दोन नंबर म्हणजे कॉरिन, असंच समीकरण होतं. कार्यक्रम संपल्यावर ती मंचावरून उतरताना दोन नंबरच्या कॅमेऱ्याच्या बाजूला टिचकी मारून जाई. मर्ल त्या जागेवर अकरा वर्षं उभा होता.

एकोणीसशे चौसष्टच्या शरदात झूमचं भिंग आलं. एकच आलं, आणि अर्थातच ते दोन नंबरला बसवलं. आता तबकडी फिरवायची गरज नव्हती, कॅमेरा रेटायची गरज नव्हती. एक दांडी हळूहळू वळवली की चेहरा आपसूक जवळ येई. भिंगाबरोबर माणूसही आला: गस मॅराकिस, वय तिशीचं, सॅन पेद्रोच्या कोळ्यांच्या वस्तीतला ग्रीक. आधी लग्नाचे फोटो काढायचा, मग लाँग बीचच्या केंद्रात झूम शिकला. दिग्दर्शक सॉल ब्रेनर ब्रुकलिनचा. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने मर्लला कंट्रोल रूमच्या जिन्यावर गाठलं.

"मर्ल, तू तीन नंबरला जा. हंगामभर. गसला ते भिंग येतं."

"मला एक आठवडा दे. मीही शिकेन."

"आठवडा कुठनं आणू? गुरुवारी कार्यक्रम आहे, बाबा. आणि तीन नंबर काय वाईट आहे? माझी बायको म्हणते तीन आकडा शुभ असतो."

"मग तिला उभी कर तिथं," मर्ल म्हणाला. सॉल हसला. मर्लने विनोद केला नव्हता.

पहिल्या गुरुवारी गस काय करतो हे पाहायला मर्ल टपून बसला होता असं म्हणणं चुकीचं ठरणार नाही. गसने कॅमेरा सरळ डावीकडे नेला. मर्लला वाटलं, नवा आहे, चुकला असेल. दुसऱ्या गाण्यालाही डावीकडे. वर डोक्याला जागा न ठेवता चौकटीच्या कडेने केसच कापले, डोळे चौकटीच्या वरच्या भागात आणले आणि ती पापणी चक्क मधोमध ठेवली. मर्लच्या पिढीला शिकवलेलं होतं की घरच्या टीव्हीच्या कडा चित्र खातात, म्हणून डोक्यावर हवा सोडा. गसने हवा सोडली नाही. आणखी एक त्याची खोड होती: जवळ येता येता ओळ संपायच्या जरा आधी तो थांबे, आणि शेवटचं अंतर कॉरिनच पुढे झुकून भरून काढी.

मर्लला वाटलं, आता दुसऱ्या दिवशी कॉरिन ओरडणार. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. आठवड्याने पत्रं येऊ लागली. लोक लिहीत होते की ती यंदा आमच्यातली वाटते, दमलेली वाटते, खरी वाटते. डेटनच्या एका बाईने लिहिलं होतं, माझ्या बहिणीची पापणी अशीच आहे. कॉरिनने ते पत्र रंगभूषेच्या आरशाला चिकटवलं.

त्यापेक्षा मर्लला झोंबलं ते वेगळंच. अकरा वर्षं तो तिला 'मिस वेड' म्हणत आला होता. गस दुसऱ्या आठवड्यापासून 'कॉरिन' म्हणू लागला. तालमीच्या मधल्या वेळात तो घरून आणलेलं सार्डिन मासळीचं सँडविच खात तिला म्हणे, "कॉरिन, ये, अर्धं घे. तुझ्या तोंडाला वास आला तर तुझ्याबरोबर गाणाऱ्या त्या बिचाऱ्याची पंचाईत. आपली नाही." आणि ती खरोखरच अर्धं घेई. मर्लच्या डब्यात ओपलने केलेलं खिम्याचं मीटलोफ असे. ते त्याने कुणाला कधी दिलं नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं.

कॅमेऱ्याच्या मागे कॅमेरावाल्यापुरता एक छोटा पडदा असतो. कॅमेरा रंगीत असला तरी तो पडदा काळा-पांढरा. आपलं चित्र त्यात दिसतं. हँडलखाली एक कळ होती. ती दाबली की आपल्या चित्राऐवजी दिग्दर्शकाने त्या क्षणी निवडलेलं चित्र दिसे. दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र जुळवायची असतील तेव्हा ती उपयोगी पडे, म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळी. मर्ल ती गाणंभर दाबून ठेवू लागला. आपला लाल दिवा विझला की बोट कळेवर. गस काय दाखवतोय, कुठे थांबतोय, किती केस कापतोय, हे तो बघत राही. सॉलने "तीन, तयार" म्हटलं की बोट सुटे, आपलं चित्र परत येई, आणि ते त्याला दर वेळी शिळं वाटे.

"त्याचं चुकतं ते बघतो मी," तो ओपलला म्हणाला.

ओपल विमान कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करी, माणसं ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "आणि किती चुका सापडल्या?"

"अजून बघतोय."

"हिवाळा संपला, मर्ल."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कशाला पडू? मी तर म्हणते, त्या पोराचं लग्न व्हायचं असेल तर तुलाच विचारावं. त्याची आईसुद्धा त्याच्याकडे इतकं निरखून बघत नसेल."

हे ओपलने मला सांगितलं तेव्हा मर्ल शेजारीच बसला होता, आणि त्याने ते नाकारलं नाही. आमचं वर्तमानपत्र बरबँकजवळच्या व्हॅलीतलं, त्यात निवृत्त माणसांवर एक सदर चाले, त्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो होतो. पुढची हकिगत त्या दोघांकडून, आणि थोडी सॉल ब्रेनरकडून कळलेली आहे.

पासष्टच्या वसंतात बातमी आली. पुढच्या हंगामात आणखी झूम भिंगं येणार, म्हणून कॅमेरे चारऐवजी तीन होणार. एक माणूस कमी. त्याला शेजारच्या स्टुडिओत, दुपारच्या प्रश्नमंजूषेवर पाठवणार. तिथे एक कपाट, एक घंटा आणि बक्षिसाची वॉशिंग मशीन, एवढंच टिपायचं असे. त्या कार्यक्रमावर गेलेला माणूस परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एक नंबरच्या क्रेनवाल्याला हात लावणं शक्य नव्हतं, चार नंबरचा तरुण आणि स्वस्त होता. राहिले गस आणि मर्ल. चेहऱ्याचा कॅमेरा कुणाकडे, हे हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर कॉरिन आणि सॉल मिळून ठरवणार होते.

शेवटचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा होता. एरवी टेपवर मुद्रित करून दाखवत, पण सॉलला हौस होती, आणि जाहिरातदारांनाही ती पटली होती. बरबँकला संध्याकाळचे पाच म्हणजे न्यूयॉर्कला रात्रीचे आठ. पूर्वेला थेट, पश्चिमेला तीन तासांनी टेपवरून.

दुपारी शेवटची तालीम झाली. मर्ल नेहमीप्रमाणे कळ दाबून गसचं चित्र बघत होता. गसने कॅमेरा डावीकडे वळवला आणि कॉरिनच्या गालाची कडा क्षणभर दुहेरी झाली. क्षणभरच. पुन्हा नीट. थोड्या वेळाने गस पुन्हा डावीकडे वळला, पुन्हा तेच. तीन रंगांची चित्रं एकमेकांवरून किंचित सरकत होती. वर्तमानपत्राच्या रंगीत पानावर शाई हलली की ओठ हनुवटीवर उतरतात, तसं. याचा अर्थ मर्लला लगेच कळला. कॅमेऱ्याच्या मागे जिथे मनगटाएवढी जाड केबल आत शिरते, तिथली जोडणी सैल होती आणि डावीकडे वळताना ताण बसत होता. कंट्रोल रूममधल्या तंत्रज्ञांसमोर चार चित्रं असतात, चारही सांभाळायची असतात, डोळे मिटून उघडेपर्यंतचा तो दोष त्यांच्या नजरेतून सुटला. सबंध हंगाम एकाच चित्राकडे टक लावून बसलेला माणूस स्टुडिओत एकच होता.

नियम साधा होता. दिसलं की बोलायचं. चित्र कुणाचं का असेना, हेडफोनवर सांगायचं, तालीम थांबते, तंत्रज्ञ येतात, जोडणी आवळतात. मर्लने हेडफोनचा माइक तोंडाजवळ आणलाही होता. तेवढ्यात सॉलने कॉफीची सुट्टी जाहीर केली.

कॉफीच्या टेबलाशी सगळे उभे होते. गस डोनट बुडवत म्हणाला, "आज माझा कॅमेरा जरा अंगात आल्यासारखा करतोय. मर्ल, तू तर माझंच चित्र बघत असतोस. काही दिसलं का?"

टेबलाभोवती हशा पिकला. चार नंबरचा तरुण म्हणाला, "अरे, त्याला तिकीट लाव, गस! रोजचा प्रेक्षक आहे." क्रेनवाला म्हणाला, "प्रेक्षक कसला, पासवर येतो तो." कॉरिन तिथेच होती, डोक्यात कुरळे करायचे रोलर, हातात कागदी कप. तीही हसली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ती कळ, ते बोट, सगळं.

"मला माझं काम असतं," मर्ल म्हणाला.

"म्हणजे नाही दिसलं?" गसने विचारलं. तो हसत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मर्ल म्हणाला आणि कप तसाच ठेवून निघून गेला.

कार्यक्रम पाचला सुरू झाला. पहिला अर्धा तास काही घडलं नाही. गस डावीकडे वळे तेव्हा मर्लचं बोट कळेवरच असे. कडा दुहेरी होई, परत जुळे. चित्र फुटावं असं मर्लला वाटत होतं, आणि फुटू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, त्यात त्याला काही विचित्र वाटलं नाही, असं तो म्हणाला.

शेवटचं गाणं संथ होतं. कॉरिन एकटी, मागे विटांची खोटी भिंत, एक खुर्ची. सगळं गाणं दोन नंबरवर होतं, बाकीचे कॅमेरे नुसते उभे. दुसऱ्या कडव्यात गस हळूहळू जवळ येऊ लागला, डावीकडे वळला, आणि या वेळी चित्र जुळलं नाही. घराघरांतल्या रंगीत पडद्यांवर कॉरिनचे तीन चेहरे झाले. एक लाल, एक हिरवा, एक निळा, तिघी एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत गात होत्या.

हेडफोनमध्ये सॉलचा आवाज फाटला. "एक! एकवर जा! सगळा मंच! गस, काय झालंय?"

"गेला," गस म्हणाला. आवाज अगदी शांत. "केबल असणार. मी बाद."

"तीन! मर्ल! मला तिचा चेहरा दे. जसा असेल तसा, जिथनं असेल तिथनं. तुला दोन ओळी आहेत."

मर्ल उजवीकडे उभा होता. उजवी बाजू म्हणजे त्याची बाजू. जिथे उभा आहे तिथून लांबचं भिंग लावायचं आणि घ्यायचं, इतकं सोपं. अकरा वर्षं घेतलेली चौकट, डोळे झाकून जमणारी. अर्धा देश बघत होता, कॉरिन बघत होती, दोन नंबरचा लाल दिवा विझला होता आणि तीन नंबरचा पेटणार होता. तो हंगामभर ज्याची वाट बघत होता ते याहून वेगळं काय असणार होतं?

त्याने तबकडी फिरवली. भिंग बसलं. आणि त्याने कॅमेरा डावीकडे रेटायला सुरुवात केली.

"तू कुठे चाललास?" सॉल ओरडला. "मर्ल! आहेस तिथंच थांब!"

मर्ल थांबला नाही. केबलवाला त्याच्या मागून जाड केबल उचलून धावला. गसने आपला मेलेला कॅमेरा दोन्ही हातांनी मागे ओढून वाट करून दिली. दुसरी ओळ संपली तेव्हा मर्ल तिच्या डावीकडे होता, पापणी मधोमध, केस कापलेले, वर हवा नाही.

"घे तीन," सॉल म्हणाला, आणि लाल दिवा पेटला.

मर्लकडे झूम नव्हतं. गस जे दांडी वळवून करी ते त्याने पायांनी केलं. धूड रेटत, भिंग जुळवत, इंच इंच पुढे. ओळ संपायच्या जरा आधी तो थांबला. कॉरिनने उरलेलं अंतर झुकून भरून काढलं. शेवटचा स्वर संपला, तिने डोळे मिटले, डावी पापणी उजवीच्या आधी मिटली, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

टाळ्यांच्या आवाजावरून सॉल हेडफोनमध्ये किंचाळला, "वा! मर्ल, लेका! अगदी गससारखं! हुबेहूब गस!"

मर्लने मला हे वाक्य सांगितलं तशी ओपल उठून आत गेली आणि उगाचच पाण्याचा ग्लास घेऊन आली. "अकरा वर्षांत त्याने मला 'वा' म्हटलं नव्हतं," मर्ल म्हणाला. "म्हटलं तेव्हा माझं नाव फक्त हाक मारायला घेतलं."

मी त्याला विचारलं, उजवीकडून का नाही घेतलं? तो म्हणाला, "घेतलं असतं तर ते माझं झालं असतं. मला ते ठाऊक होतं. पण उजवीकडची चौकट मला दिसेनाच. मी आठ महिने एकच चित्र बघितलं होतं."

कार्यक्रम संपल्यावर कॉरिनने टेप बघायचा आग्रह धरला. शेवटचं गाणं लावलं. ती मेकअप पुसत उभी होती. चित्र फुटलं तिथे तिने "अगं बाई" म्हटलं आणि हसली. मग तीन नंबरचं चित्र आलं आणि ती हसायची थांबली. गाताना दिव्यांच्या झोतामुळे कॅमेऱ्यामागचा माणूस तिला दिसला नव्हता. गाणं संपल्यावर ती वळून म्हणाली, "गस, हे कसं केलंस? कॅमेरा तर गेला होता ना?"

"मी नाही केलं," गस म्हणाला. "मागची भिंत बघ. झूम केलं की भिंत नुसती मोठी होते. इथे ती तुझ्या मागे मागे सरकतेय. कुणीतरी कॅमेरा ढकलत आणलाय. एवढा अलगद ढकलणारा इथे एकच माणूस आहे."

कॉरिन मर्लकडे बघत राहिली. "तू? हे तुला येत होतं?"

"हो, मिस वेड."

"मग अकरा वर्षं कुठे ठेवलं होतंस?"

तिने ते प्रेमानेच विचारलं होतं. सॉल, गस, तंत्रज्ञ, सगळे उभे होते. मी तुमची पापणी झाकत होतो, हे उत्तर त्याला देता आलं नाही. तो म्हणाला, "तबकडीचा कॅमेरा आहे. वेळ लागतो."

सामान आत-बाहेर करायचा एक मोठा दरवाजा स्टुडिओच्या मागे होता. बाहेर अजून उजेड होता, डोंगर तांबूस दिसत होते. मर्ल सिगारेट ओढत उभा होता तेव्हा गस आला. त्याच्या हातात केबलचं टोक होतं, जोडणीचं कडं सैल झालेलं.

"हे बघितलंस?"

"बघितलं."

"मी आत्ताचं नाही विचारत. दुपारचं विचारतोय."

मर्लने सिगारेटची राख झटकली.

"तुला दिसलं होतं. मी विचारलं, सगळ्यांसमोर विचारलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल तरी तुला दिसणारच होतं."

"तुम्ही हसत होता," मर्ल म्हणाला.

"ते हसत होते. मी विचारत होतो." गसने केबलचं टोक जमिनीवर टाकलं. "एक सांगू? मी सकाळीच सॉलला सांगितलंय. मी खेळांच्या विभागात चाललोय. फुटबॉल. ट्रक, गावोगाव, उघड्यावर. मला चार भिंतींत गुदमरायला होतं. ती जागा तुझीच होती, मर्ल. काही न करता. नुसतं तोंड उघडलं असतंस तरी तुझीच होती."

"तू सांगणार त्यांना?"

"काय सांगू? तू बोलला नाहीस म्हणून? त्यात सांगण्यासारखं काय आहे?" तो दोन पावलं गेला आणि वळला. "पण थांबायला तू जरा उशीर केलास. मी आणखी अर्धी ओळ आधी थांबतो. तुला माहीत आहे."

मर्लला माहीत होतं. तो म्हणाला, हे ऐकून त्याला शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण आधी वाटलं ते हे की गसचं बरोबर आहे, आणि या गोष्टीचा त्याला भयंकर राग आला.

दोन नंबर मर्लला मिळाला. सॉल म्हणाला, "मी न्यूयॉर्कहून माणूस मागवणार होतो. आता गरज नाही. तू गस कर, बास." कॉरिनचीही तीच अट होती: डावीकडून, केस कापून, त्या दिवशीसारखं. सप्टेंबरात नवं झूम आलं आणि मर्लने ते शिकायला एक आठवडासुद्धा घेतला नाही. पहिल्या कार्यक्रमानंतर कॉरिन उतरताना दोन नंबरच्या बाजूला टिचकी मारून गेली. पत्रं आली. समीक्षकांनी लिहिलं की कार्यक्रमाने आपला चेहरा टिकवला आहे. पुढे सहा हंगाम तो चालला, आणि तिची उजवी बाजू पुन्हा कधी कुणाला दिसली नाही.

त्या शरदापासून मर्ल रविवारी टीव्हीवर फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात धरून धावायचा अमेरिकन फुटबॉल, बघू लागला. त्याआधी त्याला खेळात काडीची गोडी नव्हती. तो पडद्याच्या इतक्या जवळ बसे की ओपलला खेळाडूंऐवजी त्याचं डोकं दिसे.

"कोण जिंकतंय?" ती विचारी.

"काय माहीत. हे बघ, हा गस. आत्ताचं चित्र त्याचं होतं."

"कशावरून? तिथे सहा-सात कॅमेरावाले असतील."

"थांब, येईल परत."

आणि ते परत येई. सगळे कॅमेरे चेंडूमागे धावत असताना एक कॅमेरा धावत नसे. ज्याच्या हातून चेंडू सुटला त्या खेळाडूवरच तो थांबून राही. खेळ पुढे गेला, शिटी वाजली, तरी तो त्या माणसावरच. माणूस हेल्मेट काढतो, इकडे तिकडे बघतो, आपल्याकडे कुणी बघत नाही अशी त्याची खात्री होते, आणि मग त्याचा चेहरा बदलतो. तो बदल दिसला की दुसरं चित्र येई. मर्ल खुर्चीच्या कडेवर येऊन बघे.

"फोन कर की त्याला," ओपल एकदा म्हणाली. "छान घेतलंस म्हणावं."

"कशाला? त्याला माहीत असतं."

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी कॉरिनने गाणं संपवलं, वाद्यवृंद थांबला, टाळ्या सुरू झाल्या. अशा वेळी दोन नंबरने मागे सरायचं, हे ठरलेलं. मर्ल सरला नाही. कॉरिनला वाटलं आपण आता चित्रात नाही. तिने खांदे सोडले, जीभ दातांवरून फिरवली, दिव्यांकडे बघून डोळे बारीक केले. मर्ल तिथेच थांबून राहिला. कंट्रोल रूममध्ये सॉलने कॅमेरे बदलणाऱ्या बटणवाल्याचा हात धरला आणि चित्र बदलू दिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर सॉल जिन्यावरून धावत खाली आला. "मर्ल! ते शेवटचं! ते कुठनं आणलंस?"

मर्ल भिंगावर टोपण लावत होता.

"सुचलं," तो म्हणाला.